न उतरणारा रक्तदाब

तीन निरनिराळ्या जातींची औषधे पुरेशा मात्रेत चालू आहेत, त्यांत एक लघवीची गोळी आहे, तरीही रक्तदाब ठरवलेल्या मर्यादेखाली उतरत नाही, अशा स्थितीला वैद्यकात प्रतिरोधी रक्तदाब असे नाव आहे. चौथ्या औषधाने तो उतरला, तरी नाव तेच राहते. मात्र हे नाव देण्याआधी काही साध्या गोष्टी निस्तरून घ्याव्या लागतात. लिहून दिलेली गोळी पोटात जातेच असे नाही. बरे वाटू लागले की ती सुटते, किंवा महिनाअखेरीस पाकीट संपलेले असते. जाड दंडावर अरुंद पट्टा गुंडाळला की आकडा फुगतो. काहींचा दाब डॉक्टरांसमोर बसल्यावरच चढतो आणि घरी ठीक असतो. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली वेदनाशामके आणि सर्दीत नाक मोकळे करणाऱ्या गोळ्याही दाब वाढवतात. हे सगळे वजा केल्यावर जे रुग्ण उरतात, त्यांपैकी सुमारे पाचांतल्या एकाच्या दुखण्याचे मूळ मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथींत सापडते. या ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त बनवत राहतात. या विकाराला प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात. जुन्या पुस्तकांत तो ‘कॉन सिंड्रोम’ या नावाने सापडतो. यातला ‘प्राथमिक’ हा शब्द नुसता शोभेचा नाही. बिघाड ग्रंथीतच सुरू झाला आहे, तिला बाहेरून कोणी तसा हुकूम सोडलेला नाही, एवढे सगळे तो एक शब्द सांगतो.

वृक्क म्हणजे मूत्रपिंड, आणि त्याच्या वर बसलेली ती अधिवृक्क ग्रंथी. एकेकीचे वजन चार-पाच ग्रॅम, रंग पिवळसर. इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमिओ युस्ताकी यांनी सोळाव्या शतकात तिचे वर्णन केले, पण ती कशासाठी आहे हे पुढे जवळजवळ तीनशे वर्षे कोणालाच सांगता आले नाही. १८५५ मध्ये लंडनचे डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी या ग्रंथी नासलेल्या रुग्णांची हकिकत छापली. अंगातली शक्ती गेलेली, कातडी काळवंडलेली, आणि शेवट मृत्यूत. ग्रंथी निकामी झाल्यावर काय होते ते असे आधी कळले. अल्डोस्टेरॉन जास्त झाल्यावर काय होते ते कळायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

या ग्रंथीचा गाभा, म्हणजे मध्यक, ॲड्रिनॅलिन बनवतो. त्याभोवतीच्या सालीला बाह्यक म्हणतात आणि तिचे तीन थर असतात. आतल्या थरात पुरुषी गुणांची संप्रेरके तयार होतात, मधल्यात कॉर्टिसॉल आणि अगदी वरच्या पातळ थरात अल्डोस्टेरॉन. तिन्हींचा कच्चा माल एकच, कोलेस्टेरॉल. कॉर्टिसॉल दिवसाला काही मिलिग्रॅम बनते, अल्डोस्टेरॉन त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. इतके थोडे असूनही शरीरातल्या मिठाचा हिशेब त्याच्याच हाती असतो.

हा हिशेब चालतो तो एका साखळीने. रक्तदाब घसरला किंवा शरीरातले मीठ कमी पडले की मूत्रपिंडातल्या विशिष्ट पेशी रेनिन सोडतात. रेनिन यकृताने बनवलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडते, फुप्फुसांतून जाताना त्या तुकड्याला शेवटचा आकार मिळतो आणि अँजिओटेन्सिन-२ तयार होते. ते रक्तवाहिन्या आवळते आणि अधिवृक्काच्या वरच्या थराला अल्डोस्टेरॉन सोडायला लावते. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांच्या शेवटच्या भागात काम करते. लघवीत निघून चाललेले सोडियम ते परत रक्तात ओढून घेते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकते. सोडियमच्या मागे पाणी येते, रक्ताचे आकारमान वाढते, दाब सावरतो. दाब सावरला की रेनिन थांबते आणि रेनिन थांबले की अल्डोस्टेरॉनही मंदावते. विहिरीवरचा पंप टाकी भरताच बंद व्हावा, तशी ही व्यवस्था आहे.

या विकारात पंप बंदच होत नाही. टाकी ओसंडून वाहते, मूत्रपिंड रेनिन सोडणे जवळजवळ थांबवते, पण ग्रंथी त्या शांततेकडे लक्ष देत नाही. रक्तात रेनिन नगण्य आणि अल्डोस्टेरॉन मात्र भरपूर, ही विसंगती म्हणजे या विकाराची खूण. उन्हातान्हात घाम गाळलेल्या निरोगी माणसाचेही अल्डोस्टेरॉन वाढते, पण त्याचे रेनिनही तितकेच वाढलेले असते. म्हणून अल्डोस्टेरॉनचा सुटा आकडा फारसा बोलत नाही, तो रेनिनच्या शेजारी ठेवूनच वाचावा लागतो. शरीरात एवढे मीठ-पाणी साठूनही या रुग्णांच्या पायांवर सहसा सूज दिसत नाही. काही दिवसांनी मूत्रपिंड दुसऱ्या वाटांनी जादा मीठ सोडू लागते आणि नवा समतोल साधतो, मात्र चढलेल्या दाबावर. डोळ्यांना दिसेल असे लक्षण नाही, हे या विकाराचे मोठे दुर्दैव.

मीठ आणि अल्डोस्टेरॉन यांचे नाते नीट पाहण्यासारखे आहे. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक वेगळे मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांच्या शरीरात अल्डोस्टेरॉन खूप जास्त आढळते, पण त्यांचा सरासरी रक्तदाब ९६/६१ च्या आसपास असतो आणि वयाबरोबर तो चढत नाही. तिथे रेनिनही जास्त असते. मिठाचा कणन्‌कण वाचवायचा म्हणून सगळी साखळी नेमून दिलेले काम करत असते. घातक ठरते ते भरल्या मिठावर चालू राहिलेले अल्डोस्टेरॉन. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. लोणचे, पापड, चटणी आणि ताटात वाढलेले वेगळे मीठ यांचा हिशेब केला तर आपल्याकडच्या जेवणात ती सहज ओलांडली जाते. अशा आहारात या संप्रेरकाला हवा तेवढा माल मिळतो.

अल्डोस्टेरॉन स्वतंत्र पदार्थ म्हणून हाती आले ते १९५३ मध्ये. लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट यांनी ते वेगळे काढले. बाझेलचे टाडेउश राइखस्टाइन आणि त्यांचे सहकारी या कामात सामील होते. सुमारे अर्धा टन गुरांच्या ग्रंथींतून अखेर काही मिलिग्रॅम स्फटिक निघाले. सोडियम-पोटॅशियमवरच्या त्याच्या परिणामावरून त्याला आधी इलेक्ट्रोकॉर्टिन म्हणत. रासायनिक रचना कळल्यावर आजचे नाव रूढ झाले.

त्याच सुमारास अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन एका निराळ्याच वाटेने इथवर येत होते. दुसऱ्या महायुद्धात उष्ण, दमट प्रदेशात लढायला जाणाऱ्या सैनिकांचे शरीर त्या हवेला कसे सरावते, याचा त्यांनी अभ्यास केला होता. काही दिवसांत घाम, लाळ आणि लघवी या तिन्हींतले मीठ एकदम घटते, हे त्यांनी मोजले होते आणि यामागे अधिवृक्क ग्रंथीचे एखादे संप्रेरक असावे असा तर्क बांधला होता. १९५४ मध्ये त्यांच्याकडे ३४ वर्षांची एक रुग्ण आली. सात वर्षे तिचे स्नायू आखडत होते, मधूनच पाय लुळे पडत होते आणि रक्तदाब वाढलेला होता. रक्तातले पोटॅशियम ३.५ च्या वर असायला हवे, तिचे २.५ च्याही खाली जाई. कॉन यांनी तिचा घाम तपासला. उन्हाला सरावलेल्या सैनिकाच्या घामासारखाच तो जवळजवळ अळणी निघाला. सैनिकांच्या बाबतीत बांधलेला तर्क इथे उपयोगी पडला. ग्रंथी जास्त काम करत आहेत असे ठरवून डिसेंबर १९५४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा एका ग्रंथीत सुमारे ४ सेंटिमीटरची गाठ सापडली. ती काढल्यावर पोटॅशियम मूळपदावर आले आणि रक्तदाबही उतरला. पोलंडमध्ये लिटिन्स्की यांनी अशाच रुग्णांचे वर्णन त्याआधी, १९५३ मध्ये केले होते, पण ते पोलिश भाषेत छापले गेल्याने बाहेर फारसे कोणी वाचले नाही.

कॉन यांनी १९६४ मध्ये आणखी एक विधान केले. ज्यांच्या उच्च रक्तदाबाचे कारण सापडत नाही असे समजले जाते, त्यांपैकी वीस टक्क्यांपर्यंत रुग्णांना हाच विकार असू शकेल आणि त्यांतल्या अनेकांचे पोटॅशियम नेहमीसारखे असेल. हे विधान बहुतेकांना अतिशयोक्त वाटले. पुढची कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत या विकाराचे प्रमाण शेकडा एकाहून कमी असे छापले गेले. चूक अशी झाली की पोटॅशियम कमी असेल तरच पुढची तपासणी करायची, असा दंडक पडला. ज्यांचे पोटॅशियम कमी, तेवढेच सापडत गेले, आणि सापडलेल्या सगळ्यांचे पोटॅशियम कमी होते म्हणून दंडक खरा ठरत गेला. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांचे पोटॅशियम ठीकच असते. १९८१ मध्ये जपानी संशोधकांनी अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांच्या गुणोत्तराची चाचणी सुचवली, आणि पुढे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी ती सर्वसाधारण रक्तदाबाच्या रुग्णांवर वापरल्यावर निदानांची संख्या अनेक पटींनी वाढली. इटलीतल्या तुरिन शहरात साध्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांची अशी पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला: ५.९ टक्के. दाब जितका जास्त, तितके हे प्रमाण चढत जाते. २०२० मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाने तर दाखवले की विकार आणि निरोगीपणा यांच्यात ठळक सीमारेषाच नाही. रेनिनला न जुमानता अल्डोस्टेरॉन बनवण्याचा दोष थोड्याफार प्रमाणात रक्तदाब नॉर्मल असलेल्यांतही आढळतो. कॉन यांचा अंदाज आज फारसा अतिशयोक्त वाटत नाही.

एवढा शोध का घ्यायचा, दाब उतरवणाऱ्या गोळ्या आहेतच की, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की अल्डोस्टेरॉन फक्त दाब वाढवून थांबत नाही. हृदयाच्या स्नायूत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि मूत्रपिंडात ते थेट दाह आणि तंतुमयता निर्माण करते. समान रक्तदाब असलेल्या दोन गटांची तुलना केली तर या विकाराच्या रुग्णांना पक्षाघाताचा धोका सुमारे अडीच पट, हृदयाची लय बिघडण्याचा साडेतीन पट आणि हृदय थकण्याचा दुप्पट दिसतो. २०१८ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून हे आकडे काढले गेले. आकडा सारखा असला तरी आतली हानी सारखी नसते.

संशय कोणाचा घ्यावा, याची जुनी यादी ठरलेली आहे. त्यात प्रतिरोधी रक्तदाबाचे रुग्ण येतात, आणि ज्यांचे पोटॅशियम आपोआप किंवा लघवीच्या साध्या गोळीने घसरते तेही. अधिवृक्कात योगायोगाने गाठ दिसलेले, झोपेत श्वास अडकणारे, लहान वयात पक्षाघात झालेल्या घरातले किंवा जवळच्या नातलगाला हाच विकार असलेले लोकही तिच्यात मोडतात. पायांत गोळे येणे, गळून जाणे, रात्री वारंवार लघवीला उठणे ही पोटॅशियम उतरल्याची लक्षणे. ती असली तर उपयोगी, नसली म्हणून विकार नाही असे म्हणता येत नाही.

पहिली तपासणी सोपी आहे. सकाळी उठून थोडे हिंडल्याफिरल्यानंतर बसवून रक्त घेतात आणि त्यात अल्डोस्टेरॉन व रेनिन मोजतात. अल्डोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि रेनिनची क्रियाशीलता नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रति तास या मापांत असेल, तर भागाकार २० ते ३० च्या वर गेल्यास संशय बळावतो. प्रयोगशाळा रेनिन दुसऱ्या पद्धतीने मोजत असेल तर ही मर्यादा बदलते. दोन ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नयेत. चालू औषधेही आकडे हलवतात. ॲटेनोलॉलसारखी औषधे रेनिन दाबतात आणि नसलेला विकार दाखवू शकतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिल आणि लघवीच्या गोळ्या रेनिन वाढवतात आणि असलेला विकार झाकू शकतात. मात्र या औषधांवर असतानाही रेनिन तळाशीच राहिले तर ती मोठी साक्ष आहे. ॲम्लोडिपिनचा अडथळा त्या मानाने किरकोळ. सगळ्यात जास्त विसरली जाते ती पोटॅशियमची बाब. पोटॅशियम कमी असले की ग्रंथी स्वतःच हात आखडता घेते आणि अल्डोस्टेरॉनचा आकडा खोटा उतरतो. म्हणून आधी पोटॅशियम भरून काढायचे, मग रक्त घ्यायचे.

गुणोत्तर जास्त आले तरी अनेकदा खात्रीची चाचणी करतात. शिरेतून चार तासांत दोन लिटर सलाइन देऊन अल्डोस्टेरॉन पुन्हा मोजतात. निरोगी ग्रंथी एवढे मीठ मिळाल्यावर गप्प बसते, बिघडलेली बसत नाही. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना ही चाचणी झेपत नाही. ज्यांचे पोटॅशियम आपोआप उतरलेले, रेनिन जवळजवळ शून्य आणि अल्डोस्टेरॉन २० च्या वर आहे, त्यांना तिची गरजही नसते.

याच चित्राची नक्कल करणारा एक पदार्थ मराठी घरात खोकल्यासाठी हाताशी असतो, तो ज्येष्ठमध. अल्डोस्टेरॉन पेशीतल्या ज्या ठरलेल्या जागेवर, म्हणजे ग्राहकावर, बसते, त्याच ग्राहकावर कॉर्टिसॉलही तितक्याच सहज बसू शकते, आणि रक्तात कॉर्टिसॉल कितीतरी पटींनी जास्त असते. ते तिथे पोचू नये म्हणून मूत्रपिंडात एक विकर पहारा देत असतो. ज्येष्ठमधातले ग्लिसिरायझिक आम्ल त्या पहारेकऱ्याला झोपवते. मग कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनचे काम करू लागते: दाब चढतो, पोटॅशियम उतरते, आणि तपासणीत रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी दिसतात. एखादा तुकडा चघळल्याने हे होत नाही, पण महिनोन्‌महिने रोज काढा किंवा चूर्ण घेणाऱ्याने डॉक्टरांना ते सांगायला हवे. अधिवृक्काची इतर संप्रेरकेही दाब वाढवतात. मधल्या थरातून कॉर्टिसॉल उतू गेले तर चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उमटतात. मध्यकाच्या गाठीत घाम, धडधड आणि डोकेदुखी यांचे झटके येतात. दोन्ही अल्डोस्टेरॉनच्या विकारापेक्षा पुष्कळ विरळ आहेत.

निदान झाल्यावरचा खरा पेच वेगळाच आहे: दोष एका ग्रंथीत आहे की दोन्हींत? एका बाजूची गाठ असेल तर शस्त्रक्रियेने ती काढता येते. दोन्ही ग्रंथींचा वरचा थर वाढलेला असेल तर गोळ्याच. गाठ म्हटले की घरात कर्करोगाची धास्ती पसरते. या विकारातली गाठ जवळजवळ नेहमी साधी असते आणि बहुधा दोन सेंटिमीटरहूनही लहान. सीटी स्कॅनवर ती दिसली म्हणजे गुन्हेगार सापडला, असेही नाही. वय वाढते तशा अधिवृक्कात निरुपद्रवी गाठी अनेकांना होतात, आणि जी दोषी आहे ती इतकी बारीक असू शकते की चित्रात दिसतच नाही. म्हणून दोन्ही अधिवृक्क शिरांत जांघेतून नळी नेऊन रक्ताचे नमुने घेतात. नळी नेमक्या शिरेत आहे की नाही, हे नमुन्यातल्या कॉर्टिसॉलवरून ताडतात. डावी शीर तुलनेने सोपी आहे, ती डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते. उजवी मात्र काही मिलिमीटर लांबीची आणि थेट महाशिरेत उघडणारी. ती चुकली की सगळी तपासणी वाया. हे काम सरावाचे आहे आणि मोजक्याच केंद्रांत ते भरवशाने होते. पस्तिशीच्या आतला रुग्ण, पोटॅशियम कमी आणि एका बाजूला स्पष्ट गाठ, असा मेळ जमला तर शिरांची ही तपासणी टाळता येते.

ग्रंथी अशी बेलगाम का होते, याचा उलगडा बराचसा जनुकशास्त्राने केला. १९६६ मध्ये वर्णिलेल्या एका आनुवंशिक प्रकारात अल्डोस्टेरॉन बनवणारे जनुक आणि कॉर्टिसॉलचे जनुक यांची सरमिसळ झालेली असते, हे १९९२ मध्ये रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने दाखवले. अशा घरांत तरुणपणीच मेंदूत रक्तस्राव होतात, आणि उपाय म्हणून अगदी थोडे स्टेरॉइड पुरते. २०११ मध्ये त्याच गटाने साध्या गाठींतला दोष शोधला. पेशीपटलातल्या पोटॅशियमच्या दाराची जडण बिघडून त्यातून सोडियम आत शिरते, पेशी सतत उद्दीपित राहते आणि अल्डोस्टेरॉन बनवत राहते. हा बदल आई-वडिलांकडून आलेला नसतो, त्या गाठीतच घडलेला असतो.

एका बाजूच्या विकारात ती ग्रंथी दुर्बिणीने काढतात. ही पद्धत १९९२ पासून आली आणि पोट उघडण्याची गरज संपली. रुग्ण काही दिवसांत घरी जातो. उरलेली एक ग्रंथी शरीराला पुरते. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत शस्त्रक्रियेनंतर ९४ टक्के रुग्णांचा संप्रेरकदोष पूर्ण गेला, पण गोळ्यांविना रक्तदाब ठीक राहिला तो ३७ टक्क्यांचाच. बाकीच्यांपैकी बहुतेकांचा दाब कमी गोळ्यांत आटोक्यात आला. स्त्रिया, तरुण आणि अलीकडेच दाब सुरू झालेले रुग्ण यांना फायदा जास्त होतो. दहा-पंधरा वर्षांत कडक झालेल्या रक्तवाहिन्या ग्रंथी काढल्याने मऊ होत नाहीत.

शस्त्रक्रिया नको असेल किंवा दोष दोन्हीकडे असेल, तर स्पायरोनोलॅक्टोन. हे औषध १९६० च्या सुमारास आले, स्वस्त आहे, आणि अल्डोस्टेरॉनची जागा अडवते. २०१५ च्या ‘पाथवे-२’ या ब्रिटिश चाचणीत प्रतिरोधी रक्तदाबाच्या रुग्णांना चौथे औषध म्हणून ते दिले, तेव्हा इतर पर्यायांपेक्षा तेच सरस ठरले. किती जणांत मूळ दोष मिठाचा आहे, हे त्यावरून उमगावे. पुरुषांची छाती दुखणे-वाढणे आणि स्त्रियांची पाळी अनियमित होणे हे त्याचे दुष्परिणाम. त्यासाठी एप्लेरेनोन हा महाग पर्याय आहे. मूत्रपिंड दुबळे असेल तर पोटॅशियम धोकादायक रीतीने चढू शकते, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रक्त तपासणे अटळ. याच काळात मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे क्रिएटिनिन रक्तात थोडे वाढले म्हणून अनेकदा औषध घाईने थांबवले जाते. वास्तविक अल्डोस्टेरॉनमुळे मूत्रपिंडावर जो जास्तीचा जोर पडत होता, तो उतरल्याने आधीच झालेली हानी आता उघडी पडलेली असते. मात्रा पुरेशी झाली की नाही, हे रक्तदाबाइतकेच रेनिनवरूनही पाहतात: तळाशी गेलेले रेनिन पुन्हा वर आले, म्हणजे ग्राहक नीट अडवला गेला. अल्डोस्टेरॉन बनूच न देणारी बॅक्सड्रोस्टॅटसारखी औषधे अलीकडे मोठ्या चाचण्यांतून गेली आहेत आणि प्रतिरोधी रक्तदाबात त्यांचा उपयोग दिसला आहे.

तपासणी कोणाची करायची, ही यादी आता मोडीत निघाली आहे. युरोपियन हृदयरोग संस्थेने २०२४ मध्ये उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक प्रौढ रुग्णात रेनिन आणि अल्डोस्टेरॉन मोजण्याचा विचार करावा असे म्हटले; अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२५ मध्ये तसेच सुचवले, आणि तेही शक्य तिथे चालू औषधे न थांबवता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे, म्हणजे एकतीस कोटींहून जास्त माणसांना. त्यांतल्या वीसांतल्या एकाला हा विकार असेल असे ढोबळमानाने धरले, तरी संख्या दीड कोटीवर जाते. या सगळ्यांची तपासणी लगेच होणे कठीण. रेनिनची चाचणी तालुक्याच्या गावी होत नाही, रक्त शहरात पाठवावे लागते. पण तीन गोळ्यांवरही ज्याचा दाब उतरत नाही, त्याने चौथी गोळी सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना या दोन चाचण्यांविषयी विचारावे. स्पायरोनोलॅक्टोन एकदा सुरू झाले की त्यानंतर आकडे वाचणे अवघड होते आणि ते थांबवून साधारण चार आठवडे वाट पाहावी लागते.